उन्हाच्या धाकाने मिटलेल्या खिडक्या

विदर्भातल्या खेड्यात शाळा असो, अंगणवाडी असो की अभ्यासिका, इमारत बांधताना पहिला विचार उन्हाचा होतो आणि तो व्हायलाच हवा. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोला, वर्धा येथे पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो, नवतप्यात, म्हणजे मे-अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, भर दुपारी गावचा रस्ता ओस पडतो आणि जिथे उन्हाने माणसे दगावतात तिथे उजेडाची काळजी कोणाला सुचणार, असे कोणालाही वाटेल. मात्र या रास्त भीतीतून आपल्याकडे एक सवय घट्ट झाली आहे. खिडक्या लहान ठेवायच्या, ज्या असतील त्या लावून घ्यायच्या, एखादीत कूलर बसवायचा आणि उरलेल्यांवर बाहेरून हिरवी जाळी ताणायची. या उपायांनी ऊन अडते, पण त्याच्यासोबत उजेडही बाहेर राहतो. शिवाय उन्हाळा सरला तरी कूलर खिडकीतून निघत नाही आणि जाळी फाटेपर्यंत तशीच टांगलेली असते. खोलीतल्या उजेड-सावलीची ही हेळसांड मुलांच्या एकाग्रतेवर घाला घालते, तो घाला फारशा खर्चाशिवाय टाळता येतो आणि तो टाळण्याची जबाबदारी एकट्या मुख्याध्यापकाची किंवा पालकाची नाही, ती सार्वजनिक बांधकाम मंजूर करणाऱ्या, बांधणाऱ्या आणि ताब्यात घेणाऱ्या प्रत्येकाची आहे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

मुलाचे लक्ष लागत नाही अशी तक्रार पालकसभेत निघते, तेव्हा कारणे मुलाच्या स्वभावात, घरच्या वातावरणात किंवा मोबाइलमध्ये शोधली जातात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ते मूल वर्गात बसते कुठे, त्याच्या वहीवर उजेड कोणत्या बाजूने पडतो आणि फळ्याकडे पाहताना त्याच्या डोळ्यांवर काय चमकते, हे क्वचितच कोणी विचारते. समोरच्या दृश्यात जे सर्वांत उजळ असेल तिकडे डोळा आपोआप ओढला जातो. अंधाऱ्या वर्गाचे एकच दार सताड उघडे असेल आणि त्यातून दुपारचे पांढरेफटक अंगण दिसत असेल, तर ते अंगण फळ्यापेक्षा शेकडो पटींनी उजळ असते. मूल दाराकडे पाहते म्हणून त्याला दटावले जाते. खरे तर त्याचा डोळा दर थोड्या वेळाने तिकडे खेचला जात असतो, त्याला तो दर वेळी परत आणावा लागतो आणि या ओढाताणीत जी शक्ती जाते ती गणिताच्या वाट्याची असते. म्हणूनच प्रकाशयोजनेच्या शास्त्रात नुसता उजेड किती हे पाहत नाहीत, तर वाचायचा कागद आणि त्याच्या लगतचा भाग यांच्या उजळपणात सुमारे तीन पटींहून अधिक आणि कागद व दूरचा परिसर यांच्यात सुमारे दहा पटींहून अधिक तफावत नसावी, असा दंडक सांगतात. आपल्या खेड्यातल्या अनेक वर्गांत ही तफावत कुठल्या कुठे जाते.

सावलीचेही तसेच आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या उजवीकडे खिडकी असेल तर त्याच्या हाताची सावली नेमकी लेखणीच्या टोकावर, म्हणजे ज्या अक्षरावर त्याची नजर असायला हवी त्याच अक्षरावर पडते. ते मूल मान वाकडी करते, वही तिरकी धरते, खाली वाकते, आणि आपण त्याच्या बसण्याला नावे ठेवतो. जुन्या शिक्षकांना उजेड डावीकडून यावा हा नियम ठाऊक होता आणि ते बाके त्याप्रमाणे लावून घेत. डावखुऱ्या मुलासाठी जागा बदलून देण्याइतकी जाणही त्यांच्यातल्या काहींना होती. एकच लहान दिवा असला की सावली काळी आणि धारदार पडते, आणि रुंद आकाशाचा उजेड मोठ्या खिडकीतून आला की ती मऊ होते, कडा विरतात आणि लिहिताना तिचा जाच होत नाही. सावली पूर्णपणे घालवावी असेही नाही. भूमितीतला घन किंवा शंकू हातात घेऊन दाखवताना एका बाजूने येणारा मऊ उजेडच त्याचा आकार मुलाला समजावून देतो. जाच होतो तो चुकीच्या जागी पडणाऱ्या आणि कडक कडांच्या सावलीचा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात इतरांपेक्षा अधिक लागू पडते. उघड्यावरच्या भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, आणि खिडक्या लावलेल्या खोलीत तो ५० लक्सच्याही खाली असू शकतो. मधल्या सुट्टीत अंगणात खेळून आलेले मूल जेव्हा अशा खोलीत शिरते, तेव्हा त्याच्या डोळ्यांना सावरायला काही मिनिटे लागतात, आणि पूर्ण अंधाराला सरावायला तर वीस ते तीस मिनिटे लागतात. सुट्टीनंतरच्या तासाची सुरुवात गोंधळाची जाते याचे एक कारण, माझ्या मते, हेही आहे. ओसरी या ठिकाणी खरी उपयोगी पडते, कारण अंगण आणि खोली यांच्यामध्ये उजेडाची एक पायरी तिच्यामुळे तयार होते. ओसरी वगळून वर्गाचे दार थेट अंगणात उघडणारे बांधकाम खर्च वाचवते, पण ही पायरी काढून घेते.

डोळ्याचे काम फक्त पाहण्याचे नाही, हेही आता नक्की झाले आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यातील काही चेतापेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात आणि दिवस आहे की रात्र याची वर्दी मेंदूतील जैविक घड्याळाला पोचवतात, हे २००२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. दिवसा पुरेसा उजेड मिळाला की तरतरी राहते आणि रात्रीची झोपही वेळेवर लागते. दिवसभर अंधुक खोलीत बसलेल्या मुलाच्या शरीराला सकाळ झाल्याचीच नीट खूण पटत नाही. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा भरते. पहाटे उठून आलेली, डोळे चोळणारी ही मुले जर खिडक्या लावलेल्या खोलीत बसवली, तर सकाळच्या शाळेचा जो लाभ आपण मनात धरलेला असतो त्याचा काही भाग आपणच गमावतो. त्या वेळी ऊन कोवळे असते, खिडक्या उघडण्याला खरोखर काही हरकत नसते, पण त्या उघडल्या जात नाहीत, कारण त्या दुपारच्या भीतीने आधीच मिटलेल्या असतात.

आता हिशोब पाहू, कारण त्याशिवाय ही चर्चा केवळ आवडीनिवडीची ठरेल. वर्गखोलीत बाकाच्या पातळीवर साधारण ३०० लक्स उजेड असावा असे भारतीय मानक ब्यूरोची संहिता सुचवते. युरोपीय मानकाच्या २०११ च्या आवृत्तीतही वर्गासाठी तोच आकडा होता आणि फळ्यासाठी ५०० लक्स. वीस फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब अशी खोली घेतली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ४६ चौरस मीटर होते. तिच्यात २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब लावल्या आणि प्रत्येकीतून २,००० ल्युमेन (ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) प्रकाश निघतो असे धरले, तर एकूण ८,००० ल्युमेनपैकी साधारण निम्मा बाकापर्यंत पोचतो, कारण उरलेला छत, भिंती आणि धूळ शोषून घेतात. म्हणजे बाकावर ८५ ते ९० लक्स मिळतात. ३०० लक्स गाठायचे तर अशा चौदा ट्यूब लावाव्या लागतील. एवढ्या ट्यूब खेड्यातल्या शाळेत कोणी लावत नाही आणि दिवसा लावण्याची गरजही नाही. स्वच्छ दिवशी थेट ऊन वगळून नुसत्या आकाशाचा उजेड बाहेर १५,००० ते २०,००० लक्स असतो, आणि त्याचा अवघा दोन टक्के भाग बाकापर्यंत आणता आला तर ३०० ते ४०० लक्स विनामूल्य मिळतात. त्यासाठी ऊन आत यावे लागत नाही. आकाश दिसेल आणि सूर्य दिसणार नाही अशी खिडकी पुरते, आणि आपल्या बांधकामात नेमका हाच फरक पाळला जात नाही.

या विषयावर परदेशात झालेल्या अभ्यासांचा दाखला अनेकदा अर्धवट दिला जातो, म्हणून तो पूर्ण देतो. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या कॅपिस्ट्रानो भागातील शाळांमध्ये सर्वाधिक नैसर्गिक उजेड असलेल्या वर्गांतील मुलांची वर्षभरातील प्रगती, सर्वांत कमी उजेडाच्या वर्गांच्या तुलनेत, गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के अधिक वेगाने झालेली आढळली. हा आकडा खूप गाजला. त्याच गटाने २००३ साली फ्रेझ्नो या अधिक उष्ण भागात पुन्हा अभ्यास केला, तेव्हा तसा सरळ लाभ दिसला नाही. उलट थेट आत येणारे ऊन, डोळ्यांवर येणारी तिरीप आणि खिडकीवर शिक्षकाचा ताबा नसणे यांचा संबंध मुलांच्या घसरलेल्या कामगिरीशी दिसून आला. मला हा दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. उष्ण प्रदेशात नुसती मोठी खिडकी ठेवून भागत नाही, तिच्यावर छाया लागते आणि ती उघडण्या-मिटण्याचा अधिकार वर्गातल्या माणसाच्या हाती असावा लागतो, हे त्यातून कळते. इंग्लंडमध्ये २७ शाळांतील १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुले पाहून २०१५ साली मांडलेल्या अभ्यासात मुलांच्या प्रगतीतील फरकापैकी सुमारे १६ टक्के फरक खोलीच्या भौतिक गुणांशी जोडता आला, आणि त्यात उजेड, तापमान आणि हवा यांचा वाटा मोठा होता. हे देश आपले नाहीत आणि त्यांचे आकडे जसेच्या तसे यवतमाळला लावणे गैर ठरेल, पण खोलीतल्या उजेडाचा मुलांच्या शिकण्याशी संबंध आहे, याकडे हे सर्व पुरावे बोट दाखवतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे, कारण त्यांतले अनेक जण स्वतः कंदिलाच्या उजेडात शिकून वर आले आहेत. आम्ही चिमणीच्या उजेडात अभ्यास केला, रस्त्यावरच्या दिव्याखाली बसलो, आमचे काय अडले, असे ते विचारतात. त्यांचे अडले नाही याचे श्रेय त्यांच्या जिद्दीला आहे, चिमणीला नाही. त्याच उजेडात डोके दुखून, अक्षरे पुसट दिसून, कंटाळून जी मुले शाळा सोडून शेतात गेली ती आज हा युक्तिवाद करायला आपल्यासमोर नाहीत. ज्या घरात वेगळी खोली, अभ्यासाचे टेबल आणि टेबलावरचा दिवा आहे त्या घरातले मूल शाळेतल्या अंधाराची भरपाई घरी करू शकते. मजुराच्या आणि अल्पभूधारकाच्या मुलाला ती करता येत नाही. म्हणून शाळेतला उजेड ही चैनीची बाब आहे असे म्हणणाऱ्यांनी ती चैन नेमकी कोणाच्या वाट्याची कापली जाते हे पाहावे. शिक्षकांच्या रिक्त जागा हा याहून मोठा प्रश्न आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण शिक्षक भरण्यासाठी खिडकी मिटून ठेवावी लागत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. आपल्या वाडवडिलांची घरेही आत अंधारी आणि थंड असत, तीच आपल्या हवेला योग्य, असे सांगितले जाते. घरांविषयी हे खरेच आहे. मातीच्या जाड भिंती, कवेलूंचे उतरते छप्पर, लहानसा झरोका आणि माजघरातला गारवा ही विदर्भाच्या उन्हाळ्याला दिलेली शहाणी उत्तरे होती. परंतु त्या माजघरात वाचत कोण होते? तिथे धान्याच्या कणग्या असत, देव असत, दुपारी आडवे होण्याची जागा असे. पोथी वाचायची, हिशोब लिहायचा, धान्य निवडायचे, शिवण घ्यायचे ते सगळे छपरीत किंवा ओसरीवर, जिथे डोक्यावर सावली आणि समोर आकाशाचा उजेड असे. डोळ्यांचे काम कुठे करायचे आणि विश्रांती कुठे घ्यायची, याची विभागणी त्या घराने अचूक केलेली होती. आपण शाळा बांधताना माजघराचा अंधार उचलला आणि छपरीचा उजेड विसरलो, आणि मग दिवसाचे पाच-सहा तास मुलांना त्या माजघरात अक्षरे वाचायला बसवले. परंपरेचा आधार घ्यायचाच असेल तर तो छपरीचा घ्यावा. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या बापू कुटीला आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत भेट दिलेली असते. माती, बांबू आणि कवेलूंचे ते बांधकाम पाहताना साधेपणाविषयी बरेच बोलले जाते, पण उतरते छप्पर आणि सावलीतली ओसरी यांमुळे आत येणारा उजेड किती निवळलेला असतो, याकडे मुलांचे लक्ष वेधायला हवे.

सूर्याची वाट या बाबतीत आपल्याला अनुकूल आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि डिसेंबरात दुपारीही तो दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांवर असतो. याचा अर्थ दक्षिणेकडच्या चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढला, तर २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत तिच्यातून थेट ऊन जवळपास आत येतच नाही, आणि हिवाळ्यात, जेव्हा ते हवेसे असते, तेव्हा येते. उत्तरेच्या खिडकीला उन्हाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तेवढे लागते. ते दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांनी अडवता येते, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात म्हणून त्याचा त्रास मुळातच थोड्या दिवसांचा असतो. खरी अडचण पूर्व आणि पश्चिम या दिशांची आहे. मावळतीचे ऊन इतके खालून येते की कोणताही छज्जा त्याला पुरत नाही. तिथे रुंद ओसरी हवी, विटांची किंवा सिमेंटची जाळी हवी, आणि दोन्हीपेक्षा चांगला उपाय म्हणजे काही अंतरावर लावलेले कडुनिंबाचे झाड. इतके सगळे कळण्यासाठी होकायंत्र पुरेसे असताना एकच ठरलेला नकाशा प्रत्येक गावात आणला जातो आणि इमारतीचे तोंड जिकडे रस्ता असेल तिकडे केले जाते. खिडक्यांच्या लांब भिंती पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे तोंड करून आल्या की पुढची पन्नास वर्षे त्या शाळेतली मुले दुपारी डोळे किलकिले करून बसतात किंवा खिडक्या लावून अंधारात बसतात.

उजेड खोलीत किती आत जातो यालाही मर्यादा आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढ्या उंचीवर असते त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत तो उपयोगी राहतो. सात फुटांवर वरची कड असेल तर चौदा ते सतरा फूट. वीस फूट रुंद खोलीला एकाच बाजूने खिडक्या असतील तर पलीकडची रांग या मर्यादेबाहेर पडते, आणि त्या रांगेतली मुले मागे पडण्याचा संबंध कोणी उजेडाशी लावत नाही. समोरासमोर खिडक्या, वरची कड शक्य तितकी उंच आणि पांढरे छत यांनी हे बरेचसे सुटते. चुन्याचा पांढरा हात दिलेली भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी ७० ते ८० टक्के परत फेकते, तर गडद निळी किंवा तपकिरी भिंत जेमतेम १० ते २० टक्के. या दृष्टीने ‘बोलक्या भिंतीं’चाही, म्हणजे वर्गाच्या भिंती शिकवणाऱ्या चित्रांनी रंगवण्याच्या उपक्रमाचाही, पुन्हा विचार व्हावा असे मला वाटते. हा उपक्रम मनापासून राबवणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांचे श्रम खरे आहेत. पण छतापासून जमिनीपर्यंत गडद रंगांनी भरलेल्या भिंती उजेड गिळतात, आणि लहान मुलांवर २०१४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात खच्चून सजवलेल्या वर्गात मुलांचे लक्ष अधिक विचलित झाले आणि त्यांचे शिकणे कमी झाले, असे आढळले. चित्रे ओसरीच्या भिंतीवर काढली तर तिथे ती मुलांना येता-जाता दिसतील आणि वर्गाच्या भिंती पांढऱ्या राहतील.

डिजिटल वर्गांनी एक नवी अडचण आणली आहे. पडदा किंवा मोठा टीव्ही नीट दिसावा म्हणून खिडक्यांवर जाड पडदे लागतात किंवा कागद चिकटवले जातात, आणि वीस मिनिटांची चित्रफीत संपली तरी ते तसेच राहतात. मग पुस्तक वाचायचा तासही त्याच अंधारात होतो. यंत्र आले याला माझा विरोध नाही. मात्र यंत्रासाठी खोली अंधारी करण्याऐवजी पडद्याची भिंत अशी निवडावी की तिच्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडणार नाही, आणि पडदे सरकते असावेत.

रात्रीच्या उजेडाविषयी अभ्यासिकांच्या संदर्भात वेगळे बोलले पाहिजे. पोलीस भरती, तलाठी आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारे तरुण गावोगावच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत आणि पहाटे चारपासून बसतात. ही खेड्यातली अत्यंत मोलाची जागा आहे. टिनाच्या छताच्या अशा एखाद्या खोलीत भिंतीला वर एक-दोन ट्यूब लावलेल्या असतात आणि मुले भिंतीकडे पाठ करून बसली की प्रत्येकाच्या पुस्तकावर त्याच्याच डोक्याची सावली पडते. उजाला योजनेने २०१५ पासून एलईडी दिवे स्वस्त केले आणि २०१७ च्या सौभाग्य योजनेने वीजजोडण्या घरोघरी नेल्या; दिवा आता दुर्मीळ राहिलेला नाही, तो कुठे टांगायचा हे मात्र कोणी शिकवले नाही. टेबलाच्या बरोबर वर, वाचणाऱ्याच्या किंचित पुढे टांगलेला ९ वॅटचा दिवा मागच्या भिंतीवरच्या मोठ्या ट्यूबपेक्षा अधिक कामाचा ठरतो. अतिस्वस्त दिव्यांत आणखी एक दोष असतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात; ते डोळ्यांना जाणवत नसले तरी इंग्लंडमध्ये १९८९ साली एका कार्यालयात ट्यूबचे लुकलुकणे बंद करून पाहिले तेव्हा कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्यावर आला होता. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरून पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा अभ्यासासाठी घेऊ नये. रात्री उशिरा पांढराशुभ्र निळसर उजेड झोपेचा संप्रेरक दाबतो, तेव्हा त्या वेळी पिवळसर छटेचा दिवा बरा. पहाटे मात्र तरतरी आणणारा पांढरा उजेडच हवा.

हे सर्व कायद्याच्या आणि कागदाच्या भाषेत कुठे आहे? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण यांचा उल्लेख आहे. वर्गातल्या उजेडाचा नाही. शाळांची वार्षिक माहिती गोळा होते तेव्हा वीजजोडणी आहे की नाही हे विचारले जाते, पण बाकावर किती उजेड पडतो हे विचारले जात नाही. बांधकामाच्या मोजमाप पुस्तिकेत विटा, सिमेंट, लोखंड यांची नोंद होते आणि खिडकीची नोंद तिच्या लोखंडी चौकटीच्या वजनाने किंवा मापाने होते. ज्या जिल्ह्यात महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचे सर्वांत मोठे, २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे त्या चंद्रपूरच्या खेड्यातल्या मुलांना भर दुपारी अंधुक खोलीत पुस्तक डोळ्यांजवळ धरावे लागू नये, ही अपेक्षा फार नाही.

माझी मागणी मोजकी आहे. जिल्हा परिषदेने नवी वर्गखोली किंवा अभ्यासिका मंजूर करताना नकाशावर उत्तर दिशा आणि छज्ज्याची खोली दाखवणे सक्तीचे करावे, आणि जागेप्रमाणे इमारत फिरवण्याची मुभा कनिष्ठ अभियंत्याला लेखी द्यावी. इमारत ताब्यात घेण्याआधी स्वच्छ दिवशी, दिवे बंद ठेवून, चारही कोपऱ्यांतल्या बाकांवर आणि फळ्यावर उजेड मोजावा आणि ते आकडे हस्तांतरणाच्या कागदावर लिहावेत. लक्समीटर महाग यंत्र नाही, आणि ते नसेल तिथे मोबाइलच्या संवेदकाने निदान अंदाज येतो. जुन्या शाळांत शाळा व्यवस्थापन समितीने दिवाळीच्या सुट्टीत कूलर खिडकीतून काढून स्वतंत्र चौकटीवर बसवावा, छताला आणि भिंतींना चुना द्यावा, तकाकी आलेला फळा पुन्हा रंगवून घ्यावा आणि बाके उजेड डावीकडून येईल अशी फिरवावीत. कवेलूंचे छप्पर अजून शिल्लक असेल तिथे उत्तरेच्या उताराला दोन-चार काचेची कवेलू बसवता येतात. टिनाच्या छतावर मात्र नितळ फायबरचा पत्रा टाकू नये, कारण त्यातून उजेडापेक्षा ऊनच अधिक येते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक झगझगीत चौकोन बाकांवरून फिरत राहतो.

पावसाळ्याची तरतूद वेगळी करावी लागेल, कारण आपले शालेय वर्ष नेमके तेव्हाच सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून आले की बाहेरचाच उजेड काही हजार लक्सवर येतो आणि खिडकीपासून दूरच्या रांगेला दिवा लागतोच. म्हणून वर्गातले दिवे खिडकीच्या भिंतीला समांतर रांगांमध्ये लावावेत आणि प्रत्येक रांगेचे बटन वेगळे ठेवावे, म्हणजे आतल्या रांगेपुरताच दिवा लावता येतो आणि वीजबिलाच्या काळजीने मुख्याध्यापकांना सगळेच दिवे बंद ठेवावे लागत नाहीत. ही तारजोडणी बांधकामाच्या वेळीच करून घेतली तर तिचा वाढीव खर्च दोन-तीन बटनांचा आणि थोड्या तारेचा आहे, आणि भिंतींना गिलावा होण्याआधी ती करून घ्यायला सांगणे हे ग्रामसभेतल्या कोणत्याही पालकाला जमण्यासारखे आहे.